देशाचार, आतिथ्य आणि ‘नको’ या शब्दाचे सत्य

गेल्या वर्षी वऱ्हाडातील एका गावी निरूपण आटोपल्यावर मंडळी दंडवत घालून उठत असता एक गृहस्थ मागे राहिले. त्यांचा मुलगा पुण्यास शिकावयास गेला होता आणि त्याच्यासाठी खोली पाहण्याकरिता ते स्वतः सदाशिव पेठेत जाऊन आले होते. ते म्हणाले, “बाबा, घरमालकांनी दारातच विचारलं, काय काम आहे? मी सांगितलं. त्यांनी खोली दाखवली, भाडं सांगितलं, नळाला पाणी किती वाजता येतं तेही सांगितलं. मग विचारलं, चहा घेणार का? मी म्हटलं, नको. तर ते ‘बरं’ म्हणाले अन् आत निघून गेले! आपल्या गावात वैरी दाराशी आला तरी त्याला असं सोडत नाहीत. या लोकांना धर्म कळतो का?”

मंडळी हसली. मी हसलो नाही, कारण याच प्रश्नाचे उत्तर मी फार वर्षांपूर्वी एका सभेत दिले होते आणि ते चुकीचे दिले होते. त्या गृहस्थांना मी त्या रात्री एवढेच म्हणालो की, सावकाश विचार करून सांगेन. तो विचार प्रस्तुत लेखात जिज्ञासू वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम माझी चूक सांगितली पाहिजे. इ. स. १९९६ च्या चैत्रात मी व माझ्याहून वयाने लहान असे एक साधू, असे दोघे पुण्यास गेलो होतो. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे व खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापिलेली ही संस्था. आपल्या पूर्वाचार्यांचे ग्रंथ ज्या सांकेतिक लिप्यांत बंद होते, त्यांपैकी सकळ लिपीचा उलगडा करून ते वाङ्मय विद्वानांच्या दृष्टीस आणण्याचे काम राजवाड्यांनीच केले, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहे. तेथे काही जुन्या पोथ्या पाहावयाच्या होत्या. दुपारी एकच्या सुमारास बाहेर पडलो. ऊन कडक होते. पेठेतील दुकाने बंद झालेली, वाड्यांचे दिंडी-दरवाजे लोटलेले, गल्लीत चिटपाखरू नाही. एका वाड्याच्या पहिल्या मजल्यावर एक ओळखीचे अभ्यासक बिऱ्हाड करून होते; त्यांच्याकडे एका पोथीची नक्कल होती. जिना चढून कडी वाजविली. एका वृद्ध बाईंनी दार अर्धे उघडले आणि विचारले, “कोण हवंय आपल्याला?” मी नाव सांगितले. “ते चारनंतर भेटतील. आता निजले आहेत. बसणार असाल तर इथे ओटीवर बसा. पाणी हवंय का?”

माझ्या सोबत्याच्या घशाला कोरड पडली होती. पण त्याच्या तोंडून संस्काराने जो शब्द बाहेर पडावयाचा तोच पडला: “नको.”

“बरं,” असे म्हणून त्या बाईंनी दार लोटून घेतले.

तीन तास आम्ही त्या ओटीवर बसलो. चार वाजता दार उघडले. अभ्यासक बाहेर आले, त्यांनी पोथीची नक्कल आमच्यापुढे ठेवली आणि दिवेलागणीपर्यंत एकेका पाठावर आमच्याशी असा काही विचार केला की, तेवढे ज्ञान मला अन्यत्र महिनाभर बसूनही मिळाले नसते. परंतु परत आल्यावर आम्ही काय सांगितले? ज्ञानाचे सांगितले नाही, तहानेचे सांगितले. पुढे दोन वर्षांनी, १९९८ साली, अमरावती जिल्ह्यातील एका गावी आतिथ्याच्या विषयावर बोलताना मी हा प्रसंग चांगला तिखटमीठ लावून कथन केला. सभा पोट धरून हसली. बोलणाऱ्यास सभेच्या हसण्याची एक धुंदी चढते. ती मला चढली आणि मी म्हणालो की, ज्या घरी तहानेल्यास पाणी मिळत नाही ते घर नव्हे, स्मशान होय.

सभा संपल्यावर पांढरे धोतर व टोपी घातलेले एक निवृत्त शिक्षक माझ्याजवळ आले. त्यांनी दंडवत केला आणि शांतपणे म्हणाले, “बाबा, मी त्या पेठेत चार वर्षं जेवलो आहे.”

ते जे बोलले ते मी येथे त्यांच्या शब्दांत नव्हे, पण अर्थास न ढळता देतो. ते १९५० च्या सुमारास शिक्षणासाठी पुण्यास गेले. वडील नव्हते, शेत गहाण होते. त्या काळी पुण्यात गरीब विद्यार्थ्यांनी वार लावून जेवण्याची पद्धत होती. आठवड्याचे सात वार, सात घरे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्यांस वारही मिळत नसत ते झोळी घेऊन माधुकरी मागत. या शिक्षकांस पाच वार मिळाले, दोन दिवस ते चणे-चुरमुरे खात. पुढे सहावा वार मिळाला. “पहिल्या दिवशी प्रत्येक घरी मला विचारलं, नाव काय, कुठला, काय शिकतोस, किती वाजता येणार? त्यानंतर चार वर्षांत कुणी काही विचारलं नाही. आग्रह कधी झाला नाही. ‘आणखी हवं का?’ म्हणत, हो म्हटलं की वाढत, नको म्हटलं की पुढं जात. आपल्याकडच्यासारखं ताटावर कुणी ओणवं झालं नाही. पण बाबा, एकदा मंगळवारच्या घरी मालक वारले. मला ठाऊक नव्हतं. मी जेवणाच्या वेळी गेलो तर दाराशी एक मुलगा उभा होता. म्हणाला, आईने सांगितलंय, आज तुम्ही पलीकडच्या आळीत अमक्यांकडे जा, त्यांना निरोप दिला आहे. घरात प्रेत असताना त्या बाईला माझा मंगळवार आठवला.”

मी काय उत्तर देणार! त्यांनी मला दोष दिला नाही. दंडवत करून ते निघाले आणि जाता जाता थांबून म्हणाले, “एक मात्र खरं, माझ्याबरोबर माझ्या गावचा एक मुलगा होता, जातीने वेगळा. त्याला त्या पेठेत वार मिळाला नाही. तो एका बोर्डिंगात राहून शिकला.” त्यांच्या सचोटीचे मला आजही नवल वाटते. ज्यांचे अन्न खाल्ले त्यांची बाजू त्यांनी मांडली, आणि त्या अन्नाची सीमाही झाकली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वऱ्हाडातील गृहस्थ आणि सदाशिव पेठेतील घरमालक यांच्यामध्ये जो तंटा झाला तो वस्तुतः चहाचा नव्हता, ‘नको’ या दोन अक्षरांचा होता. आपण सूत्राच्या एकेका पदाचा अन्वय लावतो तसा या पदाचा लावून पाहावा.

वऱ्हाडात, खानदेशात, मराठवाड्याच्या बऱ्याच भागात, आणि कोल्हापूरकडे तर विशेषच, आलेल्या माणसास “घेणार का?” असे विचारीत नाहीत. तेथील क्रियापद आज्ञार्थी असते: बसा, घ्या, जेवूनच जा. पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हणावयाचे ही रीत. यजमानाने ते ऐकावयाचे नाही हीही रीत. दुसऱ्यांदा नको म्हणताना आवाज थोडा उतरतो. तिसऱ्यांदा पाहुणा म्हणतो, “बरं, अर्धा द्या.” वांग्याची भाजी व रोडगे यांच्या पंगतीत तर पानावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून वाढणारे लोक मी पाहिले आहेत. म्हणजे या देशात पहिले ‘नको’ हा नकारच नव्हे. ‘मी हावरा नाही, तुमच्यावर भार घालण्यास आलो नाही’ असा त्याचा अर्थ आहे, आणि तो उभय पक्षांस ठाऊक आहे.

सदाशिव पेठेत क्रियापद प्रश्नार्थी असते: घेणार का, हवे का, बसणार का? तेथे ‘नको’ म्हणजे नको, ‘हो’ म्हणजे हो. विचारणाऱ्याने मनापासून विचारलेले असते, परंतु उत्तर ज्याचे त्याने द्यावयाचे असते. पहिल्या नकाराच्या पलीकडे जाऊन पुन्हा आग्रह करणे म्हणजे समोरच्याच्या शब्दावर अविश्वास दाखविणे, असे तेथील मनुष्यास वाटते. एका पुणेकर विद्वानांस मी एकदा वऱ्हाडात आणले होते. पथ्यामुळे त्यांस गोड वर्ज्य होते. त्यांनी पहिल्याच घरी स्पष्ट नको म्हटले, दुसऱ्यांदा म्हटले, तिसऱ्यांदा जवळजवळ रागाने म्हटले. यजमानांनी प्रत्येक वेळी हसून पुरणपोळी वाढली. संध्याकाळी ते मला म्हणाले, “महाराज, इथे माणसाच्या नाही म्हणण्याला काही किंमतच नाही का?” दुसऱ्या दिवशी ते आजारी पडले. तेव्हा, वाचकहो, वऱ्हाडचा मनुष्य पुण्यात उपाशी राहतो आणि पुण्याचा मनुष्य वऱ्हाडात अजीर्णाने पडतो. दोघेही घरी जाऊन एकमेकांची निंदा करतात. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर व नागपूरकर यांच्या स्वभावभेदावर जे विनोदी लेखन केले ते लोकांस इतके आवडले, याचेही कारण हेच की प्रत्येकास त्यात शेजारचा दिसतो.

येथे एक नैतिक शंका उत्पन्न होते, आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. घसा कोरडा असता ‘नको’ म्हणणे हे असत्य नव्हे काय? माझा सोबती साधू होता. त्याने सत्य बोलावयाचे व्रत घेतले होते.

माझ्या मते उत्तर असे. शब्दाचा अर्थ संकेताने ठरतो. जेथे बोलणारा व ऐकणारा या दोघांस एकच संकेत ठाऊक आहे तेथे ऐकणारा फसत नाही. आणि जेथे कोणी फसत नाही, फसवावे असा हेतूही नाही, तेथे असत्याचा दोष लागत नाही. वऱ्हाडातील पहिले नको हे अशा रीतीने निर्दोष आहे. परंतु तोच शब्द तोंडात धरून मनुष्य देशाची सीमा ओलांडतो तेव्हा संकेत मागे राहतो आणि उघडा शब्द पुढे जातो. त्या वृद्ध बाईंनी माझ्या सोबत्याचे नको सत्य मानले. त्यांनी त्याचा विश्वास धरला. फसल्या त्या. आम्ही मात्र स्वतःस फसविले गेलेले समजून दोन वर्षे त्यांची निंदा करीत हिंडलो. हेतू नव्हता म्हणून असत्याचा दोष फार तर अल्प म्हणता येईल. परनिंदेचा दोष अल्प नव्हता, आणि तो माझा होता.

मग देशाचार शिकण्याचे कर्तव्य कोणाचे? मी म्हणतो, जो चालून येतो त्याचे. घरातला मनुष्य आपल्या घरी, आपल्या रीतीत बसलेला आहे. सीमा त्याने ओलांडलेली नाही. या ठिकाणी आपल्यासमोर सर्वज्ञांचेच उदाहरण आहे. श्रीचक्रधर स्वामी गुर्जर देशातून आले. परंतु या देशात येऊन त्यांनी या देशाची भाषा धरली, आणि जे सांगावयाचे ते येथील बाया-बापड्यांच्या बोलीत सांगितले. म्हाइंभटांनी लीळाचरित्रात संग्रहिलेल्या लीळा पाहाव्या. कोणाच्या घरी कसे आरोगण झाले, कोणी काय आणिले, कोणाचा संकोच कसा फेडिला, यांचे किती बारीक तपशील तेथे आहेत! यजमानाचे मन कोठे अडते हे पाहूनच स्वामींचे बोलणे होई. आलेल्याने घराची रीत ओळखावी, हा बोध मला त्या लीळांच्या मांडणीतच दिसतो.

आचार प्रकरणातील एका आज्ञेचाही येथे विचार केला पाहिजे, कारण आतिथ्य आणि देश यांचा संबंध तीत प्रत्यक्ष सांगितला आहे. साधकाने महाराष्ट्रात राहावे, कर्नाटक व तेलंग या देशांत जाऊ नये. ते देश विषयबहुल आहेत, आणि तेथे संन्याशास मान मिळतो, असा त्या आज्ञेचा आशय आहे. पुष्कळ वाचक येथे थबकतात. जेथे साधूस मान मिळतो तो देश उत्तम, असे सामान्य जन म्हणतात. स्वामी म्हणतात, तोच टाळावा. या वचनात त्या देशांच्या लोकांची निंदा नाही, उलट त्यांच्या सौजन्याची साक्षच आहे. धोका यजमानात नाही, पाहुण्यात आहे. भरल्या ताटाने आणि वाकलेल्या मस्तकांनी ज्याचे स्वागत होते त्यास आपण कोणी आहोत असे वाटू लागते. मी माझे सांगतो. वऱ्हाडात पाय धुवावयास पाणी, बसावयास पाट व पंगतीत आग्रह अशी मला सवय लागली होती. सदाशिव पेठेत कोणी मला ओळखले नाही, कोणी वाकले नाही, आणि त्या ओटीवरच्या तीन तासांत जे जळत होते ते केवळ ऊन नव्हते. हे कळावयास मला पुष्कळ वर्षे लागली.

देशाचार भिन्न का होतात, याचाही थोडा विचार आवश्यक आहे, कारण कारण समजले की राग उतरतो. काळ्या जमिनीच्या गावात घरास अंगण मोठे, कणगीत ज्वारी घरची, गाई-म्हशीचे दूध घरचे. परका मनुष्य पंधरा दिवसांत एखादा येणार. तो बातमी आणतो, सोयरिकीचे सूत आणतो. त्यास आग्रह करणे हे प्रेमही आहे आणि करमणूकही आहे. जेथे पाणीच दुर्मिळ, त्या अवर्षणाच्या पट्ट्यात अन्नाच्या आधी गूळ व पाणी पुढे येते, कारण चालून आलेल्याची पहिली गरज तीच. कोकणात घरे एकमेकांपासून दूर, वाटा चढउताराच्या; तेथेही गूळपाणी ओटीवर येते, पण माजघराचा उंबरठा परक्यास सहसा ओलांडू देत नाहीत, आणि बोलणे तोडके असते. आता पुण्याच्या जुन्या पेठा पाहा. सदाशिव पेठेचे नाव ज्यांवरून पडले ते सदाशिवरावभाऊ १७६१ साली पानिपतावर पडले. तेव्हापासून आजपर्यंत या वस्तीत बाहेरून येणाऱ्यांची रीघ थांबलेली नाही. पेशवाईत श्रावणमासात दक्षिणेसाठी पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात देशोदेशीचे ब्राह्मण जमत. पुढे विद्यार्थी आले, उमेदवार आले, नोकरदार आले. वाड्यातले बिऱ्हाड म्हणजे बहुधा दोन खोल्या. धान्य महिन्याच्या पगारातून विकत आणलेले. घरात शिकणारी मुले, परीक्षेचे दिवस. ज्याच्या दाराशी पंधरवड्यास एक मनुष्य येतो आणि ज्याच्या दाराशी दिवसास पाच येतात, त्या दोघांची भाषा एक कशी असेल? ज्यास सर्वांस पुरवावयाचे आहे तो शब्द मोजून वापरतो, वेळ ठरवून देतो, आणि आपली दुपार राखतो. त्या दुपारच्या विश्रांतीची थट्टा सर्व महाराष्ट्र करतो. चितळे बंधूंचे दुकान एक ते चार बंद, हे तर म्हणीसारखे झाले होते. २०१७ साली त्यांनी ते दुपारीही उघडे ठेवण्यास आरंभ केला तेव्हा त्याची वृत्तपत्रांत बातमी झाली. दारावरच्या पाट्यांचे तसेच. ‘कृपया दुपारी बेल वाजवू नये’ यात मला आता उद्धटपणा दिसत नाही. ती पाटी निदान मनातले बाहेर लिहिते. आमच्याकडे दार सताड उघडे असते, आणि पाहुणा गेल्यावर चुलीपाशी सून काय बोलते ते कोणत्याही पाटीवर लिहिलेले नसते.

पण याचा अर्थ सर्व देशाचार सारखेच, ज्याचे त्यास योग्य, असे म्हणून सुटता येत नाही. काही वाचक तसे म्हणतील. मी म्हणणार नाही. रीत निराळी असण्यास हरकत नाही. परंतु प्रत्येक रीतीस एक प्रश्न विचारला पाहिजे: या रीतीत कोण बाहेर राहतो?

‘पाहुणा’ आणि ‘अतिथी’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. ते एक नव्हेत. पाहुणा हा बहुधा आपल्या सोयऱ्या-धायऱ्यांतला. आज आपण त्यास वाढतो, उद्या तो आपल्यास वाढील. अतिथी म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही, किंवा दुसऱ्या व्युत्पत्तीने, जो सतत चालत असतो असा. त्याची परतफेड नाही. आग्रहाच्या देशात मी अनेक वर्षे अटन केले आहे, आणि मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे की, तो आग्रह पाहुण्यास आहे. अतिथीस नेहमी असतोच असे नाही. मी ज्या पंगतीत बसलो त्याच पंगतीच्या टोकास, कधी कुडापलीकडे, गावच्या दुसऱ्या वस्तीतील माणसे बसविलेली मी पाहिली. त्यांच्या पानावर कोणी ओणवे झाले नाही. त्यांचे पहिले नको हे पहिल्याच वेळी सत्य मानले गेले! पुण्याच्या रोखठोकपणास जे वऱ्हाड हसते ते आपल्या गरिबांशी नेमके तसेच वागते. पानाच्या टोकास बसलेल्या मजुरास ‘आणखी घेणार का?’ एवढेदेखील कोणी विचारीत नाही.

आणि पुण्याचेही तेच. जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला, ही घटना याच शहरातली. हौद खुला करावा लागला याचा अर्थ इतर हौद बंद होते. १८९० साली पंचहौद मिशनात मिशनऱ्यांच्या आमंत्रणावरून काही प्रतिष्ठित मंडळी जमली, तेथे चहा झाला. त्यांत टिळक होते, रानडे होते. ही गोष्ट बाहेर फुटली आणि एका पेल्यावरून प्रायश्चित्ताचे मोठे प्रकरण झाले. ‘चहा घेणार का?’ हा प्रश्न त्या काळी किती जड होता हे आज कळणार नाही. देणाराच नव्हे, घेणाराही त्यात अडके. त्या निवृत्त शिक्षकांच्या सोबत्यास जो वार मिळाला नाही त्याचे मूळ येथे आहे. ती उणीव दुसऱ्यांनी भरून काढली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांस आश्रय दिला. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत व जेवत. पुण्यातही १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले. सदाशिव पेठेतील ती संस्था आज पुणे विद्यार्थी गृह या नावाने ओळखली जाते. घरोघरचा वार हळूहळू अशा संस्थांत मुरला.

आपल्या मार्गात भिक्षा चारही वर्णांत करावी असा आचार आहे, आणि ओळखीचे, मानाचे घर धरून राहू नये असाही आचार आहे. लहानपणी मला वाटे की, ही आज्ञा भिक्षुकाच्या वैराग्यासाठी आहे. ती तशी आहेच. परंतु तिचा दुसराही एक परिणाम होतो, तो मला अटनात दिसला. चारही वर्णांच्या दारी जो उभा राहतो त्यास गावाचे आतिथ्य सर्व बाजूंनी दिसते. कोण कोणास वाढतो, कोण कोणापासून लपून खातो, हे झोळीस कळते. हल्ली अटन पूर्वीसारखे राहिले नाही. आम्हीही मठांत राहतो, दूरध्वनीवर निमंत्रणे घेतो आणि मोटारीने जातो. जेथे मान मिळतो तेथेच जातो, असेही कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

त्या शिक्षकांच्या मंगळवारच्या बाईंविषयी मी वारंवार विचार करतो. त्यांनी चार वर्षांत त्या मुलास एकदाही आग्रह केला नाही. पण ज्या दिवशी तो ‘हवे’ म्हणू शकला नसता, दारातले दुःख पाहून उपाशीच परत फिरला असता, त्या दिवशी त्यांनी त्याच्या बोलण्याची वाट पाहिली नाही. प्रश्नार्थी क्रियापदाच्या देशात राहूनही त्यांना ठाऊक होते की, काही माणसांस विचारावयाचे नसते. माझ्या सोबत्याच्या वेळी त्या ओटीवरच्या वृद्ध बाईंनी एक तांब्या-भांडे न विचारता बाहेर आणून ठेवले असते तर? तर उत्तम झाले असते, हे मी मान्य करतो. चैत्रातली दुपार, दोन चालून आलेली माणसे. शब्दापेक्षा चेहरे अधिक बोलत होते. ही उणीव त्यांची होती. पण तिची माझ्या स्मशानाच्या उपमेशी तुलना करून पाहिली की मला कोणती जड ते सांगावे लागत नाही.

त्या वऱ्हाडी गृहस्थांस मी पुढे पत्र लिहिले. त्यात इतकेच लिहिले की, मुलास सांगा, तहान लागली तर ‘हो’ म्हण. आणि आपल्या शेतावरच्या माणसांस पुढच्या पंगतीत तुम्ही स्वतः तिसऱ्यांदा विचारा. त्यांचे उत्तर आले. मुलाचे बरे चालले आहे, घरमालकांनी परीक्षेच्या दिवसांत त्यास रात्री अभ्यासास आपली बाहेरची खोली उघडून दिली, दिव्याचे पैसे वेगळे घेतले नाहीत. पंगतीविषयी त्यांनी काही लिहिले नव्हते.

यंदा वैशाखात मी पुन्हा मंडळात गेलो होतो. परतताना तो जुना वाडा शोधला. वाडा नाही, तेथे पाच मजल्यांची इमारत आहे, खाली मोटारी उभ्या असतात. त्या वृद्ध बाई केव्हाच वारल्या, आणि ते अभ्यासकही आता नाहीत. फाटकाशी एक रखवालदार बसला होता, बोलण्यावरून नांदेडकडचा वाटला. त्याने विचारले, “कुणाकडं जायचंय बाबा?” मी म्हणालो, “कोणाकडे नाही, जुनी जागा पाहावयास आलो होतो.” तो उठला, स्वतःची खुर्ची त्याने माझ्याकडे सरकविली आणि खोलीतून पाण्याची बाटली आणून पुढे धरली. माझ्या तोंडी नको आले होते. मी ते गिळले, बाटली घेतली आणि खुर्चीवर बसून पाणी प्यालो. मग त्याने विचारले की वरच्या मजल्यावरून चहा मागवू का, तेथल्या वहिनी रोज तीन वाजता त्याच्यासाठी देतात, आज दोन कप मागता येतील. मी विचारले, त्यांना न कळविता चालेल? तो म्हणाला, “विचारून घेतो ना,” आणि जिना चढून गेला.